मागणी क्रमांक सात

अन्याय झाला तो सातजणींवर. झाला तो सोमवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, जालना रोडच्या अंगाला नवीनच उभ्या राहिलेल्या स्टील मिलच्या दोन नंबर गेटवर. वेळ पक्की आहे. मी समोर चहाच्या टपरीवर उभी होते आणि भरतीचा साहेब यादी घेऊन बाहेर आला तेव्हा सवयीनं घड्याळ पाहिलं होतं. आमच्या संघटनेतल्या दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली होती. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, ते पहिल्या ओळीत. गळा काढायचा तो नंतर. लोकांनी काय करायचं, ते शेवटच्या ओळीत.

तर सातजणी. सगळ्या क्रेन चालवायला शिकलेल्या. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. मिलच्या शेडमध्ये छताखाली दोन्ही अंगांना रूळ असतात, त्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते ती. वर काचेची केबिन, केबिनमध्ये एक माणूस, खाली हुक, हुकाला सळयांचं बंडल. चार महिन्यांचा कोर्स होता. त्याच वर्गात, त्याच मास्तरांच्या हाताखाली एकोणीस मुलंही शिकली. परीक्षा एक, सर्टिफिकेट एक, त्यावरचा शिक्का एक. मिलनं जाहिरात दिली तेव्हा फॉर्मही सगळ्यांनी एकाच दिवशी भरले.

साहेबानं मुलांची नावं एकेक करून पुकारली. मुलं आत गेली. मग त्यानं काखेतल्या फायलीतून सात फॉर्म काढले आणि जसे घेतले होते तसे परत दिले. कारण विचारलं तर म्हणाला, क्रेन तिन्ही शिफ्टला चालते, दर आठवड्याला शिफ्ट फिरते, लेडीजला थर्ड लावता येत नाही, म्हणून लेडीजला क्रेन देता येत नाही. थर्ड म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात.

सातजणींत सगळ्यात मोठी आमच्या छावणीतल्या गल्लीतली वहिनी. तिचा नवरा रिक्षा चालवतो, मी त्याला लहानपणापासून भाऊ म्हणते, म्हणून ती वहिनी. ती पुढं झाली आणि म्हणाली, थर्ड लावता येत नाही हे कोणी ठरवलं? साहेब जणू या प्रश्नाचीच वाट बघत होता. त्यानं फायलीतून एक गुलाबी कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

"तुमच्याच संघटनेचं आहे ना हे? वाचा. सात नंबर."

वहिनीनं वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण मागच्या सहाजणी विचारत होत्या काय लिहिलंय म्हणून. "महिला कामगारांना रात्रपाळी लावू नये."

मग तिनं मान वर केली आणि रस्त्यापलीकडं, टपरीकडं पाहिलं. पत्रक मी लिहिलं होतं.

लिहिलं होतं असं म्हणायलाही लाज वाटते. मिल सुरू होणार असं कळलं तेव्हा औरंगपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या प्रेसवर गेले. तिथले चाचा आमची पत्रकं मी शाळेत असल्यापासून छापतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर संघटनेच्या मागण्यांची एक जुनी फाइल आहे. तेरा मागण्या. कारखाना नवा निघाला की ती फाइल उघडायची, कारखान्याचं नाव बदलायचं, गेटचा पत्ता बदलायचा, छापायचं. आधीच्यांनी तसंच केलं, मीही तसंच केलं. चाचा तेव्हा हसून म्हणालेही होते, "वोइच माल, नया लेबल." मी पण हसले. सातवी मागणी कधीकाळी कोणीतरी खऱ्या कारणानं लिहिली असणार. कुठल्या तरी कारखान्यात बायकांना जबरदस्तीनं रात्री थांबवून घेतलं असेल, घरी सोडायला गाडी नसेल. पण हा कारखाना तो नव्हता आणि या बायका त्या नव्हत्या. मी विचारलं कोणाला? कोणालाच नाही. मालकाशी भांडायला आम्ही दहा वेळा विचारपूस करतो. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांना एकदाही नाही.

आम्ही परत निघालो ते भाऊच्या रिक्षातून. वहिनी, मी आणि तिच्या मांडीवर फॉर्म. केंब्रिज चौक गेला, मुकुंदवाडी गेली, ती फॉर्मचे कोपरे सरळ करत राहिली. भाऊनं आरशातून दोनदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला. छावणीत उतरल्यावर मी म्हणाले, वहिनी, मी तुमचं भलं बघत होते.

"व्हय, लई भलं केलं," ती म्हणाली. "पुढारीण बाई, मला एकदा विचारलं असतं तर जीभ झडली असती का तुझी?"

मग तिनं तिथंच, रिक्षाच्या दांडीला धरून, मला माझं पत्रक शिकवलं. आधी वय. तिला चौतीस पूर्ण झालेली. मिलची अट पस्तीसपर्यंतची. पुढची भरती दुसरी लाइन सुरू होईल तेव्हा, म्हणजे वर्ष तरी जाणार. तेव्हा ती अटीच्या बाहेर. बाकीच्या सहाजणी विशी-पंचविशीच्या, त्यांना पुन्हा फॉर्म भरता येईल. तिला ही एकच संधी होती. ती वाळूजला पॅकिंगला जायची, आठ वर्षं डब्यांना लेबलं चिकटवली, ते काम या कोर्ससाठी सोडलेलं.

मग रात्र. तिला थर्ड शिफ्ट नको तर नव्हतीच, उलट हवी होती. कारण एक, पत्र्याखालची केबिन. कोर्सच्या वेळी एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता ती वर बसलेली. खाली तापलेलं लोखंड, वर तापलेला पत्रा. जुन्या मिलांमधले ऑपरेटर थर्डसाठी मुकादमाची मनधरणी करतात, कारण रात्री पत्रा निवतो आणि वर शिफ्टचा अलाउन्सही मिळतो. हे मुलांना ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं.

आणि कारण दोन, नळ. आपल्या शहराचं पाट्यांवरचं नाव बदललं, नळ होता तसाच आहे. आठवडाभरानं पाणी येतं आणि येतं तेव्हा कोणाला विचारून येत नाही. आमच्या गल्लीत बहुतेकदा सकाळी आठ-नऊला. बाई सात ते तीन कामावर गेली की त्या आठवड्याचं पाणी गेलं. मग टँकर, शेजारणीचे उपकार, नाहीतर खाडा. वाळूजला वहिनीचे जेवढे खाडे पडले त्यातला एकही आजारपणाचा नव्हता. सगळे पाण्याचे. सातला सुटून आठला घरी पोचता येईल आणि वर अलाउन्सही मिळेल अशी एकच शिफ्ट जगात आहे आणि मी ती तिच्या हातून छापून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात बैठक लावली. सातहीजणी आल्या. त्यांतली एक तर सिल्लोडची मुलगी, तिच्या अब्बांच्या मोटरसायकलवरून आली, एवढ्या लांबून. दादाही आले. मी उभी राहिले आणि म्हणाले, सातवी मागणी चुकीची आहे, ती मागं घ्यायची आहे. दादा माझ्याकडं असं बघायला लागले जणू मी मालकाच्या बाजूनं बोलते आहे. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, नोकऱ्या घालवल्यात. पण त्यांचं म्हणणं पडलं की छापलेली मागणी मागं घेणारी संघटना उद्या कुठल्याच गेटवर उभी राहू शकत नाही. शिवाय रात्रीचं काम म्हणजे शेवटी बायकांचं शोषणच. ते पंधरा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. मीच लिहिल्यासारखं बोलले, म्हणून मला ऐकवेना.

त्यांचं झाल्यावर वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, एक विचारू? तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

दादांनी चष्मा काढला. मागं चटईवर त्यांची बायको बसलेली होती, दरवेळी बैठकीला येते आणि कधी बोलत नाही. ती म्हणाली, "सांगा ना." विहारात जे हसू फुटलं ते थांबेना. दादाही शेवटी हसले. चष्मा पुसत मला म्हणाले, लिही मग. पण नुसती काढू नको, बदलून टाक.

रात्रीतून लिहिलं. माथ्यावर शीर्षक, आमची चूक. पहिली ओळ, सातजणींवर अन्याय झाला, तो दोघांनी केला, एक मिलनं आणि दुसरा आम्ही. खाली नवी सातवी मागणी. महिलांना सगळ्या शिफ्ट, जशा पुरुषांना. तोच पगार, तोच अलाउन्स, तीच बस. एवढंच. बाकी बारा मागण्या त्या कागदावर घेतल्याच नाहीत. चाचांनी प्रूफ वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अपनेच खिलाफ छपवा रई क्या बेटा?" मी म्हणाले, हो चाचा. त्यांनी मागं पडलेला पिवळा कागद काढला. म्हणाले, असला माल चाळीस वर्षांत पहिल्यांदाच येतोय, लेबल नाही चिकटवायचं, रंग तरी वेगळा पाहिजे.

गुरुवारी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला आम्ही गेटवर. तीन वाजता मुलं बाहेर पडली. आमच्याच कोर्सची मुलं, कामावर लागून तीन दिवस झालेले, डोळे लाल. त्यांनी पत्रक वाचलं आणि त्यांच्याकडूनच आतली बातमी कळली. मिलला क्रेनवर सव्वीस माणसं हवी होती. घेतली एकोणीस. सात जागा भरल्या नव्हत्या, म्हणून रोज कोणीतरी डबल करत होता. सात ते तीन करायचं आणि लगेच तीन ते अकरा. एक मुलगा तर सांगत होता, काल केबिनमध्ये डोळा लागला आणि खालून मुकादमानं गोटा मारून काच वाजवली.

म्हणजे मिलला या सातजणींची गरज होती, फक्त केबिनमध्ये बाई नको होती. माणसं नाहीत म्हणून मुलांना राबवायचं आणि बायकांना सांगायचं की थर्ड लावता येत नाही. माझ्या पत्रकाची आड मिळाली म्हणून ती घेतली, एवढंच. मी तिथंच, टपरीच्या बाकावर, मुलांकडून एका कागदावर सह्या घेतल्या, की आमच्या बरोबर शिकलेल्या सातजणींना घ्या आणि डबल बंद करा. शिफ्ट बदलता बदलता रात्री अकरापर्यंत एकोणीसच्या एकोणीस सह्या झाल्या. माया म्हणून केल्या असतील असं मी म्हणणार नाही. झोप म्हणून केल्या. चालतं.

शुक्रवारी साहेबानं आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. पंखा, गार पाणी, बसा. पत्रक त्याच्या टेबलावर होतं, पिवळं. तो म्हणाला, तुम्ही समजूतदारपणा दाखवला, आम्हीही दाखवतो. सातहीजणींना घेतो. ठेकेदारामार्फत, जनरल शिफ्ट, हेल्पर. भट्टीतून निघालेल्या लोखंडावरची पपडी खाली पडते, ती झाडून गोळा करायची. पगार विचारला तर ऑपरेटरच्या निम्म्याहून थोडा वर.

सातजणींतल्या सगळ्यात लहान दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. हातात काहीच नसलेल्या माणसाला निम्मंही भरल्यासारखं दिसतं. मी बोलणार होते, पण वहिनीनं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ती म्हणाली, आणि वर्षभरानं क्रेनवर घ्याल?

"बघू," साहेब म्हणाला.

"हे बघू पगाराच्या चिठ्ठीत कुठल्या रकान्यात येतं, साहेब?"

साहेबाच्या शेजारी बसलेला क्लार्क खाली मान घालून खोकला. मुली पुन्हा समोर बघायला लागल्या. हेल्परचा विषय तिथं संपला.

मग साहेबानं दुसरा कागद काढला. ठीक आहे म्हणाला, थर्ड करायची तर संमतीपत्र लागेल. बरोबर आहे, कायद्यात संमती आहेच, आम्ही लिहूनच आणली होती, प्रत्येकीनं आपल्या हातानं. पण त्याचा कागद वेगळा होता. त्यावर सही करायची जागा एकच होती आणि तिच्याखाली छापलेलं, पती अथवा वडील.

मला कशाचा राग येतो ते इथं सांगून ठेवते. बाईला क्रेन चालवता येते का हे विचारत नाहीत. तिच्या हातात पंचवीस टन द्यायला तयार होतात. पण तिच्या रात्रीचा मालक कोण, हे आधी लिहून घेतात. मी ते बोलायला तोंड उघडलं होतं. वहिनी माझ्या आधी बोलली आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलली.

"सही देऊ की. पण मग ह्या एकोणीस पोरांच्या बायकांच्या सह्या आणा आधी. रात्री नवरा घरी नाय म्हणल्यावर त्यांनाही विचारलं पाहिजे."

दारात दोन मुलं उभी होती, सह्यांचा कागद घेऊन आलेली. त्यातला एक म्हणाला, माझी तर देणारच नाय. साहेब सोडून सगळे हसले. सिल्लोडच्या मुलीचे अब्बाही खोलीत होते. ते कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर बसतात, कमी बोलतात. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि साहेबापुढं परत ठेवला.

"मेरी दस्तखत काय कू साब? मशीन ये चलाती. मैं तो गाडी बी सीधी नई चलाता."

कागद फायलीत परत गेला. पुन्हा बाहेर आला नाही.

शेवटचं अस्त्र म्हणून साहेब म्हणाला, ट्रायल द्या. मुलांची ट्रायल झाली होती का, मी विचारलं. नव्हती झाली. सर्टिफिकेट बघून घेतली होती. मी उठायलाच लागले होते की हा भेदभाव आहे, आम्ही लेबर ऑफिसला जाऊ. वहिनी म्हणाली, बस खाली, मला वर जायचंय.

ट्रायल शनिवारी सकाळी. मी पहिल्यांदा शेडच्या आत गेले. इतकी वर्षं गेटवर घोषणा दिल्या, आत काय चालतं ते कधी पाहिलं नव्हतं. शेड एवढी लांब की पलीकडच्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. मुकादमानं क्रेनच्या हुकाला एक मोठी लोखंडी बादली लावायला सांगितली. पंचावन्न-साठीचा माणूस, कानात कापूस, सगळ्या जन्मात मिल सोडून काही पाहिलेलं नसणार. बादली काठोकाठ पाण्यानं भरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, खडूनं आखलेल्या चौकोनात ठेवायची. जुनी पद्धत आहे म्हणाला. हात ओळखायला यापेक्षा चांगलं काही नाही. पाणी खोटं बोलत नाही.

वहिनीनं साडीचा पदर खोचला, वर हेल्मेट चढवलं आणि लोखंडी शिडी चढायला लागली. भाऊ गेटबाहेर रिक्षात थांबलेला. मला वाटतं त्या शिडीच्या पायऱ्या मी तिच्यापेक्षा जास्त मोजल्या.

क्रेन हलली आणि पहिल्याच हिसक्याला पाणी हिंदकळलं. चांगलं तांब्याभर सांडलं. साहेबानं लगेच वहीत काहीतरी लिहिलं. मी लिहायला लागले होते मनातल्या मनात, अन्याय झाला तो एकीवर, झाला तो शनिवारी. पण क्रेन थांबली. वहिनीनं केबिनची खिडकी सरकवली आणि वरून ओरडून मुकादमाला सांगितलं की ब्रेक ढिला आहे, सोडला की गाडी दोन हात पुढं जाते, फिटर पाठवा.

साहेब म्हणाला, बहाणा. मुकादमानं फिटरला वर पाठवलं. फिटर दहा मिनिटं वर होता. खाली आला तेव्हा हात काळे करून आला आणि म्हणाला, बाई बरोबर बोलल्या, घासलाय, तीन दिवसांपासून घासलेला असणार. तीन दिवस मुलं याच क्रेनवर डबल करत होती. त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं असेल, पण सोळा तास बसलेल्या माणसाला ब्रेक सांगायचंही त्राण राहत नाही.

ब्रेक बसवला. बादली पुन्हा काठोकाठ भरली. आणि मग ती क्रेन निघाली. काय सांगू? आपल्या शहरातल्या बाईला पाणी न सांडता न्यायला तुम्ही शिकवणार? दोन हातांत दोन कॅन आणि कडेवर पोर घेऊन टँकरपासून घरापर्यंत आलेली बाई ती. बादली शेडच्या मधोमध अशी चालली जणू खालून कोणी तळव्यावर धरली आहे. चौकोनात टेकली तेव्हा आवाजही झाला नाही. मुकादम वाकून बघत राहिला. खडूची रेघ कोरडी होती.

तो साहेबाकडं गेला नाही. आमच्याकडंही आला नाही. वर बघून म्हणाला, "सोमवारपासून मला ही थर्डला पाहिजे. ट्रेलर भरायचे असतात." मग साहेबाला म्हणाला, बाकी सहांची ट्रायल घ्यायची असेल तर घ्या, पण आधी एकोणीस पोरांची घ्या. बादली भरायला मी उभा राहतो.

साहेबानं कोणाचीच घेतली नाही.

पत्रं मंगळवारी मिळाली. सात पत्रं, कंपनीच्या कागदावर, ठेकेदाराच्या नाही. पगार मुलांएवढा, थर्डचा अलाउन्स मुलांएवढा, शिफ्ट सगळ्यांसारखी फिरती. बस तीच, दहा वाजता शहरातून निघणारी, पुढच्या दोन रांगा बायकांच्या. क्रेनच्या शिडीपासून हाकेच्या अंतरावर बायकांचं टॉयलेट, आतून कडी असलेलं. कडीचं मुद्दाम लिहिते, कारण पहिल्या दिवशी ती बाहेरून होती आणि सिल्लोडच्या मुलीनं फिटरला हाताला धरून आणून आतून बसवून घेतली. मुलांचं डबल त्याच आठवड्यात बंद झालं. जिंकलो. हा शब्द मी पत्रकात शेकडो वेळा लिहिला आहे. खरा वापरला तो त्या मंगळवारी.

पहिली थर्ड सुटली त्या सकाळी मी सातला गेटवर होते. हार नव्हते, ढोल नव्हते, वहिनीनं आधीच बजावलं होतं की तमाशा केलास तर खबरदार. ती मुलांच्या घोळक्यातून बाहेर आली, चेहऱ्यावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ, हातात डबा. मला म्हणाली, अकरा ट्रेलर भरले. एवढंच. मग बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि चिकलठाणा यायच्या आत झोपली.

छावणीत पोचलो तर गल्लीत नळ आलेला. मला वाटलं, आता ही आठ तास लोखंड उचलून आलेली बाई पाणी भरणार. तिला थर्ड का हवी होती ते तिनंच सांगितलं होतं, आणि मी तेव्हा मान डोलावली होती, जणू बायकांनी झोप मोडून पाणी भरणं हा निसर्गाचा नियम आहे. पण दारात पाइप पसरलेला होता. भाऊनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ड्रम भरलेला, टाकी भरलेली, कॅन भरलेले, आणि घरात घोट्यापर्यंत पाणी. पलंगाखालची चप्पल तरंगत उंबऱ्यापर्यंत आलेली.

वहिनी दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "मी शनिवारी चौकोनात बादली ठेवली, एक थेंब नाय सांडला. आणि तुम्हाला घरातला ड्रम भरता येईना?"

भाऊ म्हणाला, ट्रायल होती, पुढच्या पाण्याला जमंल. ती त्या ओल्या फरशीवरून आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. दुपारी दोनपर्यंत उठली नाही. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या बाई झोपलेली आणि नवरा बाहेर पोरांना गप्प बसवतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला ते कडीपेक्षा, पत्रापेक्षा मोठं वाटलं.

पण सात पत्रांपैकी कामावर सहाजणीच गेल्या. सातवी अजून घरी आहे. ती आमच्या गल्लीतली नाही, सिल्लोडची नाही. चांगल्या कॉलनीतली, वडील बँकेत क्लार्क होते, तिचा सख्खा भाऊ पुण्यात इंजिनीयर, घरात पुस्तकांचं कपाट. कोर्समध्ये पहिली तीच आली होती. मी दोनदा घरी गेले. घरच्यांनी चहा दिला, आदरानं बोलले. म्हणाले, मुलीनं शिकावं या मताचे आम्ही आहोतच, पण रात्रीचं आमच्यात चालत नाही, आणि सकाळी घरातलं कोण बघणार? ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मुकादमानं तिची जागा महिनाअखेरीपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर तिच्या वाटणीची शिफ्ट वहिनी आणि बाकीच्या पाचजणी आळीपाळीनं भरतात, कारण मुलांना पुन्हा डबल लागू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय.

तेव्हा हे वाचणाऱ्याला सांगते, आणि दादांनी शिकवल्याप्रमाणे शेवटच्या ओळीत सांगते. तुमच्या घरात अशी कोणी असेल, सातवी असेल किंवा पुढच्या भरतीतली, तर तिच्या कागदावर सही करायला जाऊ नका, ती तिची तिला करू द्या. रात्री साडेनऊला तिला बसपर्यंत सोडा. सकाळी ती आली की दार उघडा, पडदा ओढा, तिला झोपू द्या. नळ आला तर उठा. पाणी तुम्ही भरा.